नाही लागून राहिलं

माझ्या सासऱ्यांशी मी आयुष्यात जेवढं समोरासमोर बोलले, त्यातलं बहुतेक एकच वाक्य होतं. "लागते का?" आणि ते माझ्याशी जे बोलले, ते बहुतेक त्याचंच उत्तर.

त्याआधी काही वर्षं आम्ही एका घरात राहत होतो आणि एकमेकांशी एक शब्द बोललो नव्हतो. भांडण नव्हतं, रीतच तशी होती. नागपूरच्या लकडगंजातल्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात सून सासऱ्यापुढून डोक्यावर पदर घेऊन जायची आणि तोंड उघडायची नाही. ते कामावरून आले की दाराबाहेरच खाकरायचे, मी आत सरकायची. चहा झाला की मी कपबशी जरा जोरात ठेवायची. तो आवाज ऐकला की ते उठून यायचे. त्यांना काही हवं असलं तर भिंतीला सांगायचे, "पाणी भेटंल काय म्हणा." कोणाला म्हणायचं ते सांगायचे नाहीत. माझी मुलगी झाली तेव्हा दोघांचीही सोय झाली. ती पाळण्यात होती तेव्हापासून ते तिला निरोप द्यायचे. "तुह्या मायले सांग वं, भाजीत मीठ नाही."

मी मौद्याची, शाळामास्तरची मुलगी. आमच्याकडे एवढं कडक नव्हतं. पहिल्यांदा गुदमरल्यासारखं झालं, मग सवय लागली, आणि पुढे तर ते बरंच वाटायला लागलं. ज्याच्याशी बोलायचंच नसतं, त्याला काही सांगावं लागत नाही.

सासरे लाकडाच्या टालीवर कामाला होते. आरामशीनीतून कापून निघालेल्या फळ्या मोजून घ्यायच्या, थप्प्या लावून घ्यायच्या, गिऱ्हाइकाला काढून द्यायच्या. सगळं काम उभ्याचं. घरी आले की त्यांच्या धोतराला आणि भुवयांनाही भुसा लागलेला असायचा. पायांच्या शिरा दोरखंडासारख्या फुगलेल्या होत्या. एकदा सागाची एक फळी घसरून नडगीला घासली. खरचटलं, एवढंच. हळद लावली, टालीवर गेले. ते खरचटणं भरलंच नाही. घोट्याच्या वर, आतल्या अंगाला, वाढत वाढत तळहाताएवढी जखम झाली. कडा काळ्यानिळ्या, सारखं पाणी गळायचं, दुपारपर्यंत पट्टी ओली. टालीवर जाणं सुटलं.

जखम सगळ्यांना दिसत होती. दुखणं मात्र त्यांच्या थट्टेवरून ओळखावं लागे. पायाला ते बैल म्हणायचे. "बसला आज हा बैल. उठत नाही." सासूबाई म्हणायच्या, "मंग चारा टाका त्याले." "टाकला ना. भज्याईचा चारा पाहिजे म्हणते." ज्या दिवशी बैलाचं नाव निघायचं नाही, त्या दिवशी फार दुखतंय हे घरात सगळ्यांना कळायचं. पट्टी बदलताना ते पलंगाची पाटी दोन्ही हातांनी धरायचे. ओरडायचे नाहीत. पाटी करकरायची.

आणीबाणी उठून गेली होती, ते दिवस. मोठ्या दवाखान्यात दाखवायला नेलं तेव्हा नवऱ्याला ऑफिसातून सुट्टी मिळाली नाही आणि सासूबाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू. म्हणून सायकलरिक्षात मी बसले, सासऱ्यांच्या शेजारी, मध्ये मुलीला घेऊन. डॉक्टरांनी जखम पाहिली, घट्ट पट्टी सांगितली, पाय उंचावर ठेवायला सांगितलं. जखम भरायला वेळ लागेल म्हणाले. दुखण्यासाठी मात्र त्यांनी आम्हाला कोपऱ्यातल्या खोलीत पाठवलं. तिथे लकवा झालेल्यांचे हातपाय हलवून घेत, पाठीला शेक देत. लोक त्या खोलीला करंटची खोली म्हणायचे आणि तिथल्या बाईंना करंटवाली बाई.

बाई तरुण होत्या, पुण्याकडच्या. त्यांनी मला सगळं समजावून सांगितलं. "जखम भरेल की नाही, ते मी सांगू शकत नाही. पण दुखणं पायातून डोक्यापर्यंत एका वाटेनं जातं ना, त्या वाटेवर आपण मुंग्यांची गर्दी करून टाकायची. मग दुखण्याला पुढे यायला जागा मिळत नाही." जखमेला हात न लावता, तिच्या वरच्या बाजूला चांगल्या कातडीवर त्यांनी दोन काळ्या रबरी चकत्या जेली लावून चिकटवल्या आणि बटण फिरवत विचारलं, "लागतंय का, बाबा?"

"नाही लागत."

बाईंनी आणखी फिरवलं. "आता?"

"नाही ना बाई. मी काय लहान लेकरू आहो काय."

बाईंनी आणखी फिरवलं. पाय टेबलावरून उडाला. सासरे उठून बसले आणि शांतपणे म्हणाले, "आता लागलं बाप्पा."

खोलीतली सगळी माणसं हसली. बाई घाबरल्या होत्या. "अहो, मी मुंग्या येतात का विचारत होते."

"मंग तसं विचार ना. लागलं म्हणजे आमच्यात लागलं. मार लागते तसं."

दुसऱ्यांदा बाईंनी नीट विचारून, हळूहळू वाढवून, त्यांना सोसेल तिथे थांबवलं. अर्ध्या तासानं आम्ही निघालो. येताना प्रत्येक खड्ड्याला त्यांनी रिक्षावाल्याला "सावकाश गा, सावकाश" म्हटलं होतं. घरी परतताना म्हणाले, "चाल ना गा जोरात. काहून वरातीत आल्यासारखा चालून राहिला?" मी पदराआड हसले. मुलीला कळलं नाही, पण तीही हसली.

रोज तेवढं लांब येणं जमण्यासारखं नव्हतं. पाय खाली सोडून बसलं की सूज वाढायची. मग बाईंनीच एक दिवस कपाटातून साबणाच्या डब्याएवढी एक पेटी काढली. त्यांच्या भावानं परदेशातून आणलेली, पेन्सिल सेलवर चालणारी. दवाखान्याची नव्हती, त्यांची स्वतःची होती. आवाज नाही, दिवा नाही, चालू आहे की बंद हे बाहेरून कळायचं नाही. त्या मला म्हणाल्या, "याला काही कळत नाही, तुम्हालाही कळणार नाही. फक्त त्यांना कळतं. म्हणून दर वेळी विचारायचं. सवयीनं कमी जाणवायला लागलं की थोडं वाढवायचं. आणि वाढवूनही काही जाणवत नाही म्हणाले, तर सेल बघायचे."

हे शेवटचं वाक्य त्यांनी मला सांगितलं होतं. मी ते नीट ऐकलं होतं.

घरी पहिल्या दुपारी सासूबाई आमच्या मध्ये बसल्या. मी चकत्या चिकटवल्या आणि सासूबाईंना म्हटलं, "आई, विचारा ना, मुंग्या येतात का." सासूबाई हातभर अंतरावरच्या नवऱ्याकडे वळल्या. "लागते काय जी?"

"थोडं लागते."

"थोडं लागते म्हणतात वं."

तोवर मी बटण पुढे नेलं होतं. "हो हो हो," सासरे म्हणाले, "थांबव म्हणा तिले."

"थांब म्हणतात वं."

"अवं, तिले सरळ विचारू दे ना! तुह्या मधात माहा पाय जाईल."

सासूबाई रागावून उठून गेल्या. खोलीत मी, सासरे आणि ती पेटी. मी जमिनीकडे पाहत विचारलं, "लागते का?" त्यांनी भिंतीकडे पाहत उत्तर दिलं, "लागून राहिलं."

मुंग्या हा शब्द मला त्यांच्यापुढे उच्चारता आला नाही, कसातरीच वाटला. सासूबाईंनी वापरलेला शब्दच मी उचलला. आणि त्यांनीही, ज्यांनी दवाखान्यात त्या शब्दावरून बाईंना ऐकवलं होतं, त्याचा अर्थ आमच्यापुरता बदलून घेतला. आमच्या दोघांत लागणं म्हणजे करंट. लागून राहिलं म्हणजे ठीक. जास्त लागून राहिलं म्हणजे कमी कर. दुखण्याला ते दुखणंच म्हणत. हे मला स्वच्छ माहीत होतं. पुढे जे झालं ते समजायला एवढं लक्षात ठेवावं.

ते दिवस बरे गेले. जखम होती तशीच होती, पण दुपारी पेटी लावली की संध्याकाळपर्यंत त्यांना उसंत मिळायची. ते दिवसा झोपायला लागले. दिवाळीला काठी घेऊन टालीपर्यंत गेले, तिथे बाकावर बसून सगळ्यांना पाय दाखवून आले. "माह्या सुनेच्या हातात करंट आहे," असं तिथे म्हणाले, ते मला शेजारणीकडून कळलं. बैल तर रोज निघायचा. "आज बैलानं शेत नांगरलं," म्हणायचे.

त्या वर्षी मला बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला बाहेरून बसायचं होतं. आदल्या वर्षी मुलगी तान्ही म्हणून राहिलं होतं. नवरा विरोधात नव्हता. त्याचं म्हणणं एवढंच की, "बाबाचा पाय जरा वळणावर येऊ दे, मंग बस. पुढच्या वर्षी बस." पुढच्या वर्षी हे शब्द मी माहेरी माझ्या थोरल्या बहिणीच्या बाबतीत ऐकले होते. तिचं पुढचं वर्ष आलं नाही. मला उन्हाळ्याआधी महिनाभर मौद्याला जाऊन वाचायचं होतं, मुलीला आईकडे सोपवून. पण मी गेले तर पेटी कोण लावणार? सासूबाईंना बटणावरचे आकडे दिसत नव्हते. नवरा दिवसभर ऑफिसात. पेटी घरात आहे तोवर मी घरात, असं ते सरळ गणित होतं.

मी दुपारी चकत्या लावायची, विचारायची, "लागून राहिलं" ऐकायची आणि स्वयंपाकघरात जाऊन तांदळाच्या डब्याला पुस्तक टेकवून वाचायची. बाईंनी सांगितलं होतं की जवळ बसावं, मधून मधून विचारावं. मी बसत नव्हते.

संक्रांतीच्या सुमाराला एक दिवस ते म्हणाले, "आज कमी लागून राहिलं." मी वाढवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मी पुन्हा वाढवलं. असं करत बटण शेवटाला टेकलं, पुढे फिरेना. मी विचारलं, "लागते का?"

"नाही लागून राहिलं."

मी चकत्या तशाच ठेवल्या, वेळ झाल्यावर काढल्या. दुसऱ्या दिवशीही तेच. त्यानंतर मी विचारायची, ते म्हणायचे, आणि मी आत जायची. सेलचं आठवलं का? आठवलं. उद्या बघू म्हटलं. आणि उद्या आला की राज्यशास्त्राचं एखादं प्रकरण राहिलेलं असायचं. सेल उघडून बघायला किती वेळ लागतो, हे मी आता कोणाला सांगायला नको.

सासूबाई एक दिवस मला म्हणाल्या, "हे पट्टीच्या वेळेले पुन्हा पाटी धरून राहिले वं."

मी भांडी घासत होते. मान वर न करता म्हणाले, "मला तर म्हणतात, नाही लागत."

"असं म्हणाले?" त्यांच्या चेहऱ्यावर बरं वाटलेलं दिसलं. "मंग थंडीनं असंल."

तो शब्द मी तेव्हा पहिल्यांदा उलटा केला. जीभ घसरली असं म्हणता आलं असतं, पण तसं नव्हतं. सासूबाईंना काय ऐकू जाईल हे मला बोलण्याआधी माहीत होतं.

मग बाईंचा निरोप आला. नवरा दवाखान्यावरून येत होता तेव्हा त्यांनी त्याला गाठलं होतं. त्यांच्याकडे एक म्हातारी बाई येत होती, तिच्या पायालाही अशीच जखम. बाबांना पुरता आराम पडला असेल तर पेटी द्या, नसेल तर राहू द्या, मला घाई नाही, असा तो निरोप होता. नवरा सकाळी बुटाची नाडी बांधत मला विचारत होता. "कसं आहे वं बाबाचं? तूच सांग. तूच बसते तिथं."

"आता नाही लागत म्हणतात. बरेच दिवस झाले."

"म्हणजे दुखत नाही?"

"ते म्हणतात तेच सांगितलं मी."

तो खूश झाला. "मंग देऊन टाकतो ना. तू जा मौद्याले. देऊन टाक तुझी परीक्षा."

तो सायकल पुसायला बाहेर गेला. पेटी पुसून द्यावी म्हणून मी ती स्वयंपाकघरात घेतली आणि मागचं झाकण उघडलं. सेल फुगले होते. त्यांच्या टोकांना पांढरी भुकटी आली होती, स्प्रिंगवरही पसरली होती. मी ती पदराच्या टोकानं पुसली. हाताला चरचरलं. ट्रान्झिस्टरमधले सेल काढले, पेटीत घातले. चकत्या माझ्या डाव्या मनगटावर आणि कोपराजवळ लावल्या आणि बटण फिरवलं.

मुंग्या आल्या. बटण सुरुवातीलाच होतं आणि बोटांपर्यंत सरसर मुंग्या आल्या. लागलं.

भिंतीपलीकडे ते पलंगावर पाय उशीवर ठेवून बसले होते. मी पेटी घेऊन तिकडे गेले असते, चकत्या लावल्या असत्या, विचारलं असतं. त्यांनी भिंतीकडे बघून लागून राहिलं म्हटलं असतं. नवऱ्यानं पुढच्या वर्षी म्हटलं असतं. सायकलची घंटी वाजली. "झालं काय?" मी बटण बंद केलं, वायरी गुंडाळल्या, पेटी धुतलेल्या नॅपकिनमध्ये बांधली आणि दारात जाऊन त्याच्या हातात दिली. सासऱ्यांच्या पलंगासमोरूनच जावं लागत होतं. त्यांनी नॅपकिनकडे पाहिलं आणि मुलीला म्हणाले, "चांगली मशीन होती वं."

मी मौद्याला गेले. वाचलं. पेपर दिले. चांगले गेले.

परत आले तोवर नागपूरचा उन्हाळा तापला होता. उन्हानं पाय आणखी सुजला होता, जखमेचा वास दारातच यायचा. कूलरसमोर पाय ठेवून ते बसायचे आणि पाटी करकरत नव्हती, कारण आता ते ती सोडतच नव्हते. बैलाचं नाव कितीतरी दिवसांत निघालं नव्हतं. नवरा म्हणाला, "बाबा, चाल, पुन्हा करंट घेऊन येऊ. रिक्षात नेतो, सावकाश नेतो."

"कायले?" सासरे म्हणाले. "माह्या पायाले करंट लागत नाही गा आता."

"लागत नाही म्हणजे?"

"पहिले लागे. मंग कमी लागे. मंग लागणंच बंद झालं. बिचारीनं शेवटालोक बटन फिरवलं, तरी काही नाही. मी रोज सांगत होतो. पाय मेला वाटते माहा."

मी ओट्याशी कणीक मळत होते. नवरा माझ्याकडे वळला. "तू तर म्हणाली होती, नाही लागत..." आणि मग त्याचं त्यालाच उमगलं. कपाळाला हात लावून तो हसला. "म्हणजे ते करंटचं म्हणून राहिले होते, आन तुले वाटलं दुखण्याचं. घ्या. काय तुमचं दोघाईचं बोलणं!"

त्यानं मला वाट काढून दिली होती आणि मी त्या वाटेनं गेले. मान हलवली. कणीक मळत राहिले. सगळ्या घराला हा गैरसमजच ठाऊक झाला, नात्यातल्या लग्नात तो गंमत म्हणूनही सांगितला गेला. सासू-सासरे, सून आणि एक शब्द. लोक हसायचे. सासरेही हसायचे. त्या हसण्यात मी असायची.

पण त्या दिवशी ओट्याशी उभी असताना मला जे ऐकू आलं ते वेगळंच होतं. माझ्या हिशेबात मी त्यांच्याकडून काही महिन्यांचा आराम घेतला होता. परीक्षा झाली की पुन्हा दवाखाना, पुन्हा करंट, फिटलं. ते इतके दिवस स्वतःचा पाय मेला असं समजून बसतील हे माझ्या मनातही आलं नव्हतं. दवाखान्यातलं मोठं यंत्र जागच्या जागी होतं. बाई होत्या. नवरा न्यायला तयार होता. अडलं होतं ते फक्त त्यांच्या समजुतीवर, आणि ती समजूत मोडायला एक वाक्य पुरलं असतं. सेल संपले होते.

ते मी म्हटलं नाही. त्या दिवशी नाही, त्या आठवड्यात नाही. आधी निकालाची वाट होती. मग निकाल लागला, पास झाले. मग शाळेत जागा मिळाली, पुढे बी.एड. झालं. प्रत्येक पायरीवर ते वाक्य जरा जड झालं. नवऱ्यानं आणखी दोनदा दवाखान्याचं काढलं. "मेलेल्या बैलाले पराणी कायले टोचता?" म्हणून सासऱ्यांनी त्याला गप्प केलं. पायाचं नाव घेणंही त्यांनी सोडलं. "त्याले वर ठेव," "त्याले झाक," असं म्हणायचे, जसं घरातल्या कोणा दुसऱ्याच माणसाबद्दल. पुढे ते हृदयाच्या झटक्यानं गेले तेव्हाही जखम उघडीच होती. मधली वर्षं त्यांनी पाटी धरून काढली.

गेल्या वर्षी मी हे नवऱ्याला सांगितलं. त्यानं पेपराची घडी घातली. मग म्हणाला, "आता कायले सांगून राहिली?" त्यापुढे आम्ही त्यावर बोललो नाही. तो माझ्यावर रागावला की नाही, मला माहीत नाही. मी विचारलं नाही. या घरात न विचारणं मला चांगलं जमतं.

एकदा मात्र मी सासऱ्यांना सांगायला गेले होते.

नोकरी लागल्यावर पट्टीचं काम मी माझ्याकडे घेतलं. शाळा अकराची, त्याआधी. कोमट पाणी, कापूस, मलम, पट्टी. सासूबाईंना वाटे सूनबाई नोकरी करूनही सासऱ्याचं करते, आणि त्या ते चारचौघींत सांगत. जुनी पट्टी चिकटलेली असायची, ती भिजवून सोडवताना मी विचारायची, "लागते का?" करंट नव्हता, पेटी नव्हती, त्यामुळे शब्दाला आता एकच अर्थ उरला होता. "नाही लागत," ते म्हणायचे, आणि पाटी करकरायची.

त्या सकाळी घरात आम्ही दोघंच होतो. सासूबाई देवळात, मुलगी शाळेत. पट्टी सोडवताना आत काहीतरी जास्तच ओढलं गेलं. त्यांचे डोळे भरून आले. तरी म्हणाले, नाही लागत. मी हात थांबवले. डोक्यावरचा पदर खाली आला होता, तो तसाच राहू दिला आणि पहिल्यांदा त्यांच्याकडे सरळ बघून म्हटलं, "बाबा, त्या मशीनचे सेल..."

एवढंच आलं.

त्यांनी भिंतीकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं. प्रश्नाशिवाय मी त्यांच्याशी काही बोलले होते, याचंच त्यांना नवल वाटलं असावं. मग त्यांचा चेहरा उजळला. सुनेला काहीतरी हवं आहे आणि ते आपल्याकडे आहे, असं त्यांना वाटलं.

"सेल पाहिजे काय तुले? शाळेतल्या मशीनले?" त्यांनी उशाखालची टॉर्च काढून पुढे केली. "हे घे ना. नवेच आहेत. काढून ने. मले कायले लागते टॉर्च, मी कुठं जातो?"

मी टॉर्च घेतली. हे मला आजही धड सांगता येत नाही. म्हणू शकले असते की हे सेल मोठे, त्या मशीनमध्ये बसत नाहीत. त्यातून पुढचं निघालं असतं. मी टॉर्चचं बूड फिरवलं, सेल काढले, पर्समध्ये टाकले. पट्टी पुरी बांधली. साबणानं हात धुतले आणि शाळेत गेले. दिवसभर पर्स खांद्याला जड लागत होती.

संध्याकाळी येऊन तेच सेल परत टॉर्चमध्ये घातले आणि टॉर्च त्यांच्या उशाशी ठेवली. त्यांनी ती उचलली, खटका दाबला. अजून उजेड होता, तरी समोरच्या भिंतीवर पिवळा गोल पडला. मग तो खाली आला आणि पायावरच्या पट्टीवर थांबला.

"लागली," ते म्हणाले.

मी हो म्हटलं आणि आत गेले.